नाशिक-दिंडोरीचा द्राक्षपट्टा: वाइनरी, निसर्ग आणि लोकजीवन पाहायला कधी आणि कसे जावे?

ओलीमाती (पुणे), ९ डिसेंबर

नमस्कार. माझे दीर आणि जाऊबाई जानेवारीत मेलबर्नहून महिनाभरासाठी आमच्याकडे येत आहेत. तिकडे ते दोघे अधूनमधून यारा खोऱ्यातल्या वाइनरींना जातात. नाशिकला चांगली वाइन होते हे त्यांनी बरेच ऐकले आहे, आणि या खेपेला आपला द्राक्षपट्टा नीट पाहायचाच असा त्यांचा आग्रह आहे. आम्ही पाच जण असू: ते दोघे, मी, माझे यजमान आणि एकाहत्तर वर्षांच्या सासूबाई. सासूबाई वाइन घेत नाहीत, पण सप्तशृंगी आमची कुलदेवता असल्यामुळे त्यांना गडावर दर्शनाला जायची फार इच्छा आहे. गुडघ्यांमुळे पायऱ्या चढणे त्यांना जमत नाही. २४ ते २७ जानेवारी असे चार दिवस सध्या डोळ्यांसमोर आहेत.

माझी अडचण अशी, की तीन वर्षांपूर्वी आम्ही दोघे डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तिथल्या एका वाइनरीत गेलो होतो आणि फार हिरमुसून परत आलो. वाहनतळापासूनच रांग होती, गाणी मोठ्याने लावलेली होती, आणि माहिती देणाऱ्या मुलाला एका वेळी चाळीसेक माणसांना घेऊन पंधरा मिनिटांत सगळे उरकावे लागत होते. द्राक्षाची बाग आम्ही कुंपणापलीकडूनच पाहिली. वेल हाताला लागला नाही, द्राक्षे पिकवणारे कोणी भेटले नाही, आणि आजूबाजूच्या गावांत लोक कसे राहतात हे तर गाडीच्या काचेतून दिसले तेवढेच. दीर आणि जाऊबाई इतक्या लांबून येणार आहेत, त्यांना हेच दाखवायचे मला जिवावर येते.

म्हणून जाणकारांना विचारते. द्राक्षाची तोडणी प्रत्यक्ष पाहायला मिळेल असा काळ कोणता? कोणत्या भागात शांतपणे फिरता येईल? वाइनरींखेरीज त्या परिसरातला निसर्ग आणि लोकजीवन पाहायचे असेल, तर चार दिवसांची आखणी कशी करावी? आणि सासूबाईंना चारही दिवस आपण नुसत्या बरोबर आलो आहोत असे वाटू नये, याचीही मला तितकीच काळजी आहे.

गोदाकाठ (नाशिक), ९ डिसेंबर

ओलीमाती, सर्वांत आधी तारखा बदला. २६ जानेवारीला ड्राय डे, म्हणजे दारूविक्री बंद असण्याचा दिवस असतो, त्यामुळे टेस्टिंग, म्हणजे वाइनची चव घेणे, बंद राहते. त्याला लागून सुट्ट्या आल्या, की आधीचे दोन दिवस मुंबई-पुण्याची गर्दी लोटते आणि आपण मागच्या वेळी पाहिले तेच चित्र पुन्हा दिसते. हुतात्मा दिनामुळे ३० जानेवारीलाही हीच अडचण येते. फेब्रुवारीच्या पहिल्या किंवा दुसऱ्या आठवड्यात सोमवार ते गुरुवार असे चार दिवस काढता आले तर फार उत्तम. त्या वेळी तोडणी ऐन भरात असते. सोव्हियों ब्लां आणि शेनँ ब्लां ही पांढऱ्या वाइनची द्राक्षे साधारण आधी उतरतात, शिराझ आणि कॅबर्नेसारखी लाल वाइनची मागाहून, त्यामुळे फेब्रुवारीत दोन्ही पाहायला मिळण्याची शक्यता अधिक. निघण्यापूर्वी त्या महिन्याचे ड्राय डे आणि निवडणुकीच्या तारखा एकदा तपासून घ्या, म्हणजे ऐनवेळी दारावरून परतावे लागणार नाही.

आता भूगोल. ‘नाशिकची वाइन’ असे आपण एका शब्दात म्हणतो, पण हा मुलूख तीन-चार तुकड्यांत विभागलेला आहे आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे. शहराच्या पश्चिमेला गंगापूर धरणाच्या बाजूचा भाग सर्वांत प्रसिद्ध. सुला ही वाइनरी तिथे आहे, आणि धरणाच्या पाण्याकडे तोंड करून वसलेल्या यॉर्क आणि सोमा याही त्याच अंगाला आहेत. उत्तरेला दिंडोरी तालुका, जिथे कादवा नदीच्या खोऱ्यात मैलोन्‌मैल बागा दिसतात. फेसाळत्या वाइनसाठी ओळखली जाणारी शॅन्डन याच भागात आहे. मुंबईच्या दिशेला इगतपुरी तालुक्यात संजेगाव-कावनईच्या बाजूला व्हॅलोने आणि ग्रोव्हर झाम्पा आहेत. तिथे पाऊस अधिक, डोंगर जवळ, आणि मुकणे धरणाचा जलाशय समोर. पूर्वेला निफाड तालुक्यात विंचूरला औद्योगिक विकास महामंडळाचे वाइन पार्क आहे, पण तो पर्यटनापेक्षा उत्पादनाचा भाग समजावा.

आपल्याला शांतता हवी आहे, म्हणून माझा सल्ला असा, की सुला अवश्य पाहा, पण पाहुण्यांना ती सकाळी दार उघडता उघडता दाखवा. या सगळ्या पट्ट्याची आजची ओळख तिथून सुरू झाली, हे विसरता येत नाही. १९९७ साली तिथे सोव्हियों ब्लां आणि शेनँ ब्लांची लागवड झाली, २००० साली पहिली वाइन बाजारात आली, आणि २००५ साली टेस्टिंगचे दालन उघडले. त्यापूर्वी नाशिकचा माणूस द्राक्ष म्हणजे खायचे द्राक्ष एवढेच ओळखत होता. आपण पुण्याहून येताना नारायणगाव लागेल. तिथे १९८० च्या दशकातच फ्रेंच पद्धतीने फेसाळती वाइन तयार होत होती, हेही दिरांना जाता जाता सांगा. पुढे २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले आणि नाशिकमध्ये एकामागून एक वाइनरी उभ्या राहिल्या. आता ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकनही आहे.

दिवसाला दोन वाइनरी पुरेत. तिसऱ्या ठिकाणी जिभेला काही कळत नाही आणि माहिती सांगणाऱ्याचे बोलणेही कानांवरून जाते. लहान वाइनरींना दोन दिवस आधी फोन करून, ‘तोडणीच्या दिवसांत आत काम चालू असताना पाहायचे आहे’ असे स्पष्ट सांगा. सुट्टी नसलेल्या दिवशी पुष्कळदा सेलरमध्ये, म्हणजे वाइन मुरवायच्या कोठारात, काम करणारी व्यक्तीच सोबत येते, आणि तेव्हा जी माहिती मिळते ती ठरावीक फेरीत कधीही मिळत नाही. त्यांना एक प्रश्न जरूर विचारा: या उष्णतेत तुम्ही रस थंड कसा ठेवता? पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षे दाबून रस लगेच वेगळा काढतात आणि तो कमी तापमानाला सावकाश आंबवतात. लाल वाइनचा रस मात्र सालींसकट आंबतो, कारण रंग आणि तुरटपणा सालीत असतो. टाक्यांच्या भोवती थंड द्रव खेळवणारे दुहेरी कवच असते. आपल्या हवामानात चांगली वाइन करता येते ती बरीचशी या थंडाव्यामुळे. स्टीलच्या टाकीवर आत दहिवर साचल्यासारखे पाणी दिसते आणि बाहेर अंगणात ऊन तापलेले असते, हे पाहिल्यावर सगळे आपोआप समजते.

गाडी स्वतः चालवू नका. चालकासह गाडी ठरवा. दिंडोरी किंवा संजेगावच्या बाजूला परतीची रिक्षा-टॅक्सी सहज मिळत नाही, आणि टेस्टिंगमध्ये प्रत्येक प्याल्यात थोडीच वाइन असली तरी पाच-सहा प्याले म्हणजे ती थोडी राहत नाही. चव घेऊन थुंकून टाकण्यासाठी भांडे ठेवलेले असते, ते वापरण्यात काहीही कमीपणा नाही.

कादवाकाठचा_बागाईतदार (दिंडोरी), १० डिसेंबर

ताई, आपला प्रश्न वाचून बरे वाटले, कारण बाग पाहायची आहे असे विचारणारे पाहुणे थोडे. आमच्या घरी खाण्याची आणि वाइनची अशी दोन्ही द्राक्षे आहेत, म्हणून शेताच्या बाजूने थोडे सांगतो.

युरोपात हिवाळ्यात वेल पाने गाळून झोपतो. आपल्याकडे तशी थंडी नसल्यामुळे तो झोपत नाही आणि आपल्याला त्याची वर्षातून दोनदा छाटणी करावी लागते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, जिच्यानंतर नवी काडी वाढते. आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, जिच्यानंतर फळ येते. बाहेरच्या माणसाला वाटते, की फळ हिवाळ्यात येते म्हणजे ते हिवाळ्यातच ठरते. प्रत्यक्षात मे-जूनमध्ये, काडीवरचा डोळा मुगाच्या दाण्याएवढाही नसतो तेव्हाच, त्याच्या आत घड धरायचा की नुसती बाळी निघायची हे ठरून जाते. त्या दिवसांत आभाळ फार दिवस झाकोळलेले राहिले तर सप्टेंबरमध्ये डोळे फुटण्यासाठी कितीही पेस्ट लावली तरी गेलेला घड परत येत नाही. आपल्या दिरांना हे जरूर सांगा. ऑस्ट्रेलियातल्या माणसाला दोन छाटण्यांची ही पद्धत नवीन असेल.

वाइनच्या द्राक्षाला विरळणी आणि मणी फुगवण्यासाठी जीए या संजीवकाची डुबणी लागत नाही. खाण्याच्या द्राक्षाचा मणी मोठा, पातळ सालीचा आणि बिनबियांचा हवा असतो. वाइनचा मणी लहान, जाड सालीचा आणि बियांचा असतो, आणि तो तसाच हवा असतो. बागेत उभे राहून एक गोष्ट करून पाहा. शिराझचा मणी तोंडात धरून आधी रस गिळा, मग साल चावा, मग बी. बी हिरवी असेल तर तोंड कडवट होते, तपकिरी झालेली असेल तर कडकडून फुटते. ब्रिक्स मीटरवर गोडी किती आली ते आम्ही रोज पाहतोच, पण आमचे वडील अजूनही बी चावल्याशिवाय तोडणीला हो म्हणत नाहीत.

तोडणी पहाटे असते. उन्हे चढण्यापूर्वी माल क्रेटमध्ये भरून वाइनरीच्या दारात पोहोचला पाहिजे, कारण तापलेला घड वाटेतच आंबायला लागतो. म्हणून पाहायचे असेल तर सहाला बागेत या. दहाला याल तर रिकाम्या काड्या दिसतील. स्वेटर लागेल. फेब्रुवारीच्या पहाटे इथे अजूनही बोचरी थंडी असते. जोडे जुने घाला, कारण ठिबकखालची काळी माती चिकटली की सुटत नाही. आणि एक कळकळीची विनंती: कोणाच्याही बागेत न विचारता शिरू नये आणि घड तोडून खाऊ नये. आदल्या दिवशी फवारणी झालेली असू शकते आणि ते नुसते पाहून कळत नाही. ‘बाग पाहू का?’ एवढे विचारलेत तर आमच्याकडचा कोणताही शेतकरी आपल्याला चहा पाजल्याशिवाय सोडणार नाही.

तोडणीला येणारी माणसे बहुतेक सुरगाणा आणि पेठ तालुक्यांतली असतात. छाटणीपासून हंगाम संपेपर्यंत कितीतरी कुटुंबे बागेच्या कडेलाच मुक्कामाला असतात. वाइनच्या बाटलीवर त्यांचे नाव कुठे येत नाही, पण घड दुखावू न देता मिनिटाला कितीतरी घड उतरवणारा हात त्यांचाच असतो. पाहुण्यांना त्यांच्याशी बोलू द्या. फोटो काढायचे असतील तर आधी विचारा.

आता एक दुखरी गोष्टही सांगतो, कारण ती कळल्याशिवाय हा मुलूख पुरता कळत नाही. २००६ साली वडिलांनी दोन एकर वाइनची द्राक्षे लावली. एका वाइनरीशी करार होता, भाव ठरलेला होता. तीन वर्षांनी मंदी आली आणि ऐन तोडणीत निरोप आला, की या वर्षी माल घेता येणार नाही. खाण्याचे द्राक्ष असते तर व्यापाऱ्याला दिले असते, पण बियांचे बारीक द्राक्ष बाजारात कोण घेणार? त्या वर्षी घड वेलीवर सुकले. मधमाश्या आणि पाखरे महिनाभर बागेत होती. पुढच्या उन्हाळ्यात वडिलांनी एक एकर उपटून टाकली. आमच्या शिवारात तेव्हा अशा कितीतरी बागा गेल्या. उरलेली एकर दुसऱ्या वाइनरीशी बोलणे झाल्यावर टिकली आणि आज तीच आम्हाला चांगला आधार देते. गारपीट किंवा अवकाळीने खाण्याच्या द्राक्षाच्या मण्याला चिरा गेल्या, तर एका रात्रीत वर्ष जाते. वाइनच्या द्राक्षाला निदान भाव आधी ठरलेला असतो. म्हणून गावात कोणी वाइनबद्दल हातचे राखून बोलले, तर ते वाइनच्या विरोधात आहेत असे समजू नका. त्यांनी सुकलेले घड पाहिलेले आहेत.

आपण कळवलेत तर तोडणीचा दिवस मी व्यक्तिगत निरोपाने सांगेन. दिवस आठवडाभर आधी पक्का होत नाही, गोडी पाहूनच ठरतो.

पाणकोंबडी (निफाड), १० डिसेंबर

दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत. निसर्गाविषयी आणि देवदर्शनाविषयी मी भर घालते.

सासूबाईंसाठी सर्वांत आनंदाची गोष्ट म्हणजे सप्तशृंगी गडावर २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉली, म्हणजे उतारावरच्या रुळांवरून दोराने ओढली जाणारी गाडी आहे. पायथ्याच्या नांदुरीहून गाडी घाटाने वर गडावरच्या गावापर्यंत जाते आणि तिथून पुढच्या पायऱ्यांऐवजी ट्रॉलीने थेट देवळाजवळ पोहोचता येते. मंगळवार आणि शुक्रवार टाळा, त्या दिवशी गर्दी असते. नाशिकहून दिंडोरी-वणी असाच रस्ता असल्यामुळे पहाटे तोडणी पाहून दुपारी दर्शन हे एका दिवसात सहज बसते. वाटेत डाव्या हाताला रामशेज दिसेल. दिसायला अगदी बेताचा डोंगर, पण १६८२ पासून पाच वर्षांहून अधिक काळ हा किल्ला मोगलांविरुद्ध लढत राहिला. चढायला सोपा आहे. आशेवाडीतून तासाभरात माथ्यावर जाता येते आणि वरून चारी बाजूंना बागांचे चौकोन दिसतात. तरुण मंडळींनी तेवढा चढावा.

आणि कृपा करून एक सकाळ नांदूरमधमेश्वरला द्या. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ ब्रिटिशांच्या काळात बंधारा बांधला गेला, त्यात वर्षानुवर्षे गाळ साचून उथळ पाणथळ तयार झाली आणि पक्षी येऊ लागले. २०२० साली तिला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला. महाराष्ट्रातले ते पहिलेच रामसर स्थळ. फेब्रुवारीत चक्रवाक, तलवार बदक, थापट्या, चमचा, क्रौंच असे पाहुणे अजून असतात. ऊस आणि गव्हाच्या शेतांतून जाणाऱ्या वाटेने चापडगावच्या मनोऱ्यापर्यंत जायचे आणि सूर्य वर येईपर्यंत गप्प बसायचे. आधी नुसता आवाज येतो, मग धुके उचलत जाते आणि पाण्यावर जांभळ्या पाणकोंबड्या चालताना दिसू लागतात. गावातली मुले मार्गदर्शक म्हणून येतात आणि दुर्बीणही मिळते. त्यांना आवर्जून सोबत घ्या. नवशिक्याला एकच काळा ठिपका दिसतो, तिथे त्यांना तीन जातींची बदके दिसतात.

लोकजीवनाबद्दल एक सांगते. कोकणा समाजाचा डोंगऱ्यादेवाचा उत्सव मार्गशीर्षात होतो आणि मुखवट्यांची सोंगे नाचवणारा बोहाडा होळीच्या पुढे, त्यामुळे फेब्रुवारीच्या सुरुवातीला आपल्याला यांपैकी काही मिळणार नाही. त्यासाठी मुद्दाम काही ‘कार्यक्रम’ मांडून दाखवणाऱ्यांच्या मागे लागू नका. त्यापेक्षा आठवडे बाजार पाहा. पश्चिमेकडच्या गावांतून बायका नागली, वरई, उडीद, हरभऱ्याचे डहाळे घेऊन येतात. नाचणीला आमच्याकडे नागली म्हणतात. चुलीवरची नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी मिळाली, तर पाहुण्यांना पंचतारांकित थाळीची आठवणही होणार नाही. सकाळची मिसळ तर नाशिकमध्ये आहेच, मळ्यात बसून खाण्याची.

पुण्याहून येताना सिन्नरला अर्धा तास थांबून गोंदेश्वराचे देऊळ पाहा. यादवकाळातले पंचायतन आहे, एका प्रशस्त चौथऱ्यावर पाच देवळे. सासूबाईंना तिथे गाडीतून उतरून फार चालावे लागणार नाही.

सह्यपाऊस (ठाणे), ११ डिसेंबर

तोडणीसाठी फेब्रुवारी हे मान्य, पण निसर्ग हा प्रश्नाचा भाग आहे म्हणून वेगळे मत नोंदवतो. मी इगतपुरीच्या बाजूला ऑगस्टमध्ये गेलो होतो. वेलींवर घड नव्हते, नुसती पाने होती, वाइनरीत आम्ही मोजून चार जण होतो, आणि समोर मुकणेच्या पाण्यावर पाऊस सरकत येताना दिसत होता. अंजनेरी आणि ब्रह्मगिरीचे डोंगर त्या दिवसांत जसे असतात तसे फेब्रुवारीत असूच शकत नाहीत. तेव्हा गवत पिवळे पडून गेलेले असते. मेलबर्नच्या पाहुण्यांना या वेळी ते शक्य नाही हे कळते, पण पुण्यात राहणाऱ्या आपण दोघांनी एकदा पावसाळ्यात जरूर जावे.

ओलीमाती (पुणे), १४ फेब्रुवारी

सर्वांचे मनापासून आभार. आम्ही फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात जाऊन आलो. पुढे जाणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून काही गोष्टी लिहिते.

बागाईतदार दादांचा निरोप आदल्या संध्याकाळी साडेसातला आला. पहाटे पाचला निघून आम्ही सव्वासहाला बागेत होतो. डोक्याला बॅटऱ्या बांधून बायका तोडणी करत होत्या. एका हाताने घड खालून तोलायचा, दुसऱ्या हातातल्या कात्रीने देठ कापायचा, आणि क्रेटमध्ये टाकायचा नाही तर ठेवायचा. कात्री बोटांना चिकटू लागली, की ती मातीवर पुसून पुन्हा चालू. सासूबाई एका पालथ्या क्रेटवर बसल्या होत्या. थोड्या वेळाने त्यांनी कात्री मागून घेतली आणि बसल्या जागेवरून हाताला येतील तेवढे सात-आठ घड उतरवले. सुरगाण्याच्या एका आजींशी त्यांच्या ज्या गप्पा जमल्या, त्या आम्हाला तोडाव्या लागल्या. त्याही गडाला मानणाऱ्या निघाल्या आणि चैत्रातल्या यात्रेला पायी जातात. दीर बराच वेळ नुसते पाहत होते. तिकडच्या मोठ्या बागांमध्ये ओळींवरून यंत्र फिरते आणि तास-दोन तासांत काम संपते, असे त्यांनी सांगितले. दोन छाटण्यांचे गणित तर त्यांनी वहीत काढून घेतले. मी बी चावून पाहिली. कडकडून फुटली, आणि मागाहून बदामासारखी चव आली.

त्याच द्राक्षांच्या गाडीमागोमाग आम्ही वाइनरीत गेलो, हे मला सर्वांत मोलाचे वाटले. दुपारी एका टाकीवर सालींचा जाड थर वर आलेला होता आणि खालचा रस काढून तो त्याच्यावर पुन्हा सोडत होते. हे दिवसातून दोन-तीनदा करावे लागते, नाही तर सालींचा थर वाळून खराब होतो. वास भिजवलेल्या कणकेसारखा आणि पिकलेल्या जांभळासारखा एकत्र येत होता. तिथल्या ताईंनी आम्हाला टाकीच्या तोंडाशी वाकू दिले नाही, कारण आंबताना निघणाऱ्या वायूने माणूस गुदमरतो. मागच्या वेळी मला बाटल्यांची मांडणी पाहायला मिळाली होती, या वेळी वाइन होताना पाहायला मिळाली.

गडावर ट्रॉलीने दर्शन अगदी निवांत झाले. बुधवार होता. अठरा हातांची ती मूर्ती समोर आली तेव्हा सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी होते. वीस वर्षांनी त्या गडावर आल्या होत्या.

आमची एक चूक झाली. नांदूरमधमेश्वरला आम्ही दोनच तास ठेवले आणि तेही सकाळी साडेनऊला पोहोचलो. धुके गेले होते, ऊन डोळ्यांवर येत होते. तरी चक्रवाकांची जोडी आणि चमचे दिसले. पाणकोंबडी ताई, आपण सांगितल्याप्रमाणे सूर्योदयाआधीच पोहोचायला हवे होते. त्यासाठी आदल्या रात्री निफाडच्या बाजूलाच मुक्काम करावा, नाशिक शहरात नव्हे.

दादा, एक विचारायचे राहिले. खरड छाटणी पाहायला एप्रिलमध्ये आम्ही दोघे येऊ शकतो का? त्या वेळी पाहुणे गेलेले असतील आणि बागेत पाहण्यासारखे फारसे नसते असे सगळे सांगतात, पण काडीची सुरुवात कशी होते ते मला पाहायचे आहे.

कादवाकाठचा_बागाईतदार (दिंडोरी), १५ फेब्रुवारी

ताई, अवश्य या. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आमची वाइनची एकर छाटायला घेऊ. ऊन कडक असते म्हणून सकाळी सहा ते दहा एवढेच काम होते, टोपी आणि पाण्याची बाटली बरोबर असू द्या. आजी आल्या तर त्यांच्यासाठी बांधावरच्या चिंचेखाली खाट टाकून ठेवू. त्यांनी उतरवलेले घड ज्या टाकीत गेले, तिचा क्रमांक मी वाइनरीतून लिहून आणला आहे.